आधी खोरे, मग धरण



कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या या कराड गावात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने व्यवस्थेतल्या उणिवांबद्दल आगाऊ माफी मागावी आणि जागेवर जाऊन बसावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. माफी मी मागतोच. पण हिमालयातल्या नद्यांवरच्या जलविद्युत नियोजनाची चर्चा सह्याद्रीच्या पायथ्याशी कशासाठी, असा प्रश्न गेले दोन महिने आम्हाला विचारला जातो आहे. त्याचे उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल, तेवढा आपण द्यावा.

उत्तर कोयनेपासून सुरू होते. पूर्वेकडे वाहणाऱ्या या नदीचे पाणी अडवून ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरवायचे, त्यावर पोफळीला वीज करायची आणि अवजल वाशिष्ठीत सोडून द्यायचे, अशी ही योजना. १९६० च्या दशकात तिथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या कारखानदारीने त्या विजेवर बाळसे धरले. आज टप्प्याटप्प्याने वाढत तिची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट झाली आहे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी आजवर ज्या ठिकाणांचा सर्वाधिक अभ्यास केला त्यांत कोयनेचे नाव गेले. धरणासाठी गावे उठली, तिथली माणसे निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली आणि त्यांच्या जमिनींची प्रकरणे पुढच्या पिढ्यांपर्यंत चालू राहिली. पश्चिमेला वळवलेल्या पाण्यावर खालच्या राज्यांनी हरकत घेतली तेव्हा कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. जमीन हे वजन सोसेल का, माणसे कुठे जातील, खालच्यांच्या वाट्याचे काय, हे तिन्ही प्रश्न भिंत उभी राहिल्यावर ऐरणीवर आले. तरीही इथे एक संविधान होते, लवाद होता, रडतखडत का होईना निवाडा झाला. तिस्ता, कोशी, महाकाली, ब्रह्मपुत्रा या नद्या दोन-दोन, तीन-तीन देशांतून वाहतात. त्यांच्यासाठी असा लवाद कोठून आणायचा?

माझे म्हणणे एवढेच आहे की, हिमालयात नियोजनाचे एकक प्रकल्प न धरता नदीचे खोरे धरावे, आणि खोऱ्याचा आराखडा करताना पहिला निर्णय ‘कुठे बांधायचे नाही’ याचा व्हावा. आज रीत उलटी आहे. एखादी कंपनी दरी निवडते, सर्वेक्षण करते, पर्यावरण परिणामांचा अहवाल तयार करून घेते. तो अहवाल त्या एका प्रकल्पापुरता कदाचित प्रामाणिकही असतो. मग पुढची कंपनी दहा किलोमीटर खाली तेच करते. प्रत्येक प्रकल्प आपल्या परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि नदी नापास होते. एका धरणाच्या बोगद्यातून बाहेर पडलेले पाणी लगेच दुसऱ्याच्या बोगद्यात शिरते, मधल्या पात्रात उन्हाळ्यात दगड उघडे पडतात, आणि त्या दगडांची जबाबदारी कोणत्याच अहवालात नसते.

तिस्तेचे उदाहरण फार जुने नाही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीमच्या उत्तरेला दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव फुटला. हा तलाव वाढतो आहे हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यातले पाणी उपसण्यासाठी २०१६ मध्ये तिथे नळ बसवले होते. खाली चुंगथांगला तिस्ता-३ या १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे सुमारे ६० मीटर उंचीचे धरण होते. ते त्या लोंढ्यात वाहून गेले आणि साठलेले पाणी पुराला मिळाले. त्याखालच्या तिस्ता-५ ची हानी झाली, आणि हाच लोंढा उत्तर बंगालमार्गे बांगलादेशाकडे गेला. या साखळीतल्या प्रत्येक प्रकल्पाचा कागद स्वतंत्र होता, पण पूर सगळ्यांना मिळून एकच आला. त्याआधी ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत ऋषिगंगेवरचा १३.२ मेगावॉटचा छोटा प्रकल्प नाहीसा झाला, खालच्या तपोवन प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले, आणि मृत व बेपत्ता मिळून आकडा दोनशेच्या वर गेला. वरच्या हिमनदीवर काय चालले आहे हे खालच्या बोगद्यातल्या माणसाला सांगणारी यंत्रणा तिथे नव्हती. तशी यंत्रणा एकट्या प्रकल्पाला परवडतही नाही. ती खोऱ्याचीच असावी लागते.

गाळाचेही तसेच. सतलजवरच्या नाथपा-झाकरी या १,५०० मेगावॉटच्या केंद्रात पाण्यातल्या गाळाचे प्रमाण दर दहा लाख भागांत पाच हजारांवर गेले की संच बंद करतात. म्हणजे लिटरमागे पाच ग्रॅम, चमचाभर वाळू. पण ती वाळू गारगोटीची असते, आणि शेकडो मीटर उंचीवरून वेगाने येणारे पाणी तिला घेऊन टर्बाइनच्या पात्यावर आदळते तेव्हा कसलेले पोलाद कुरतडले जाते. पात्यांच्या कडा उंदराने खाल्ल्यासारख्या दिसू लागतात. वरच्या दरीत रस्त्यासाठी डोंगर कापून त्याची माती नदीत ढकलली, तर तिची किंमत खालच्या केंद्रातला अभियंता पात्यांच्या रूपाने मोजतो. दोन्ही खात्यांचे कागद मात्र कधी एका टेबलावर येत नाहीत.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप काठमांडू आणि थिंफूहून येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुम्ही कोळसा जाळून मोठे झालात, आता आम्हाला नदी मोकळी ठेवायला सांगता, असा तो आहे. भूतानची बहुतेक वीज आणि महसुलाचा मोठा भाग नद्यांतून येतो. १९८० च्या दशकात भारताच्या मदतीने उभ्या राहिलेल्या ३३६ मेगावॉटच्या चुखाने त्या देशाचे अर्थकारण बदलले. नेपाळ २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाला सोळा तास अंधारात होता. त्यांना वीज नको म्हणणे हा उद्धटपणा होईल. पण खोऱ्याचा आराखडा म्हणजे वरच्या देशाच्या हातात बेडी, हे मला पटत नाही. पंचेश्वर पाहा. १९९६ च्या भारत-नेपाळ महाकाली करारात ठरलेले हे धरण अजून कागदावर आहे, आणि अडले आहे ते मुख्यतः या हिशेबावर: बुडणाऱ्या जमिनीचा आणि खालच्या सिंचनाच्या, पूरनियंत्रणाच्या फायद्याचा भाव कसा ठरवायचा. १९६४ मध्ये अमलात आलेल्या कोलंबिया नदी कराराने हा हिशेब करून दाखवला. कॅनडाने वर साठवण केली, त्यामुळे खाली अमेरिकेत जी जादा वीज होईल तिचा निम्मा हिस्सा कॅनडाला मिळाला. (त्या करारात तिथल्या मूळनिवासींना कोणी विचारले नाही, तेवढे मात्र उचलू नये.) आफ्रिकेत सेनेगल नदीच्या खोऱ्यातले मनंताली धरण मालीच्या भूमीवर आहे, पण मालकी सामायिक आहे. वरच्याला भाव मिळतो तो खोऱ्याचा हिशेब मांडला तरच. प्रकल्प सुटा ठेवला की त्याची वीज युनिटच्या दराने विकली जाते आणि बाकीचे सगळे फुकटात जाते.

दुसरा आक्षेप उशिराचा. आराखडे करत बसलो तर वीस वर्षे जातील, तोवर कोळसा जळेल. पण आराखड्याशिवाय काय झाले ते पाहू. भूतानमधल्या १,२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ च्या धरणाच्या जागी २०१३ मध्ये उजवा डोंगर घसरू लागला आणि काम वर्षानुवर्षे रखडले. आसाम-अरुणाचलच्या सीमेवर सुबनसिरीच्या २,००० मेगावॉटच्या प्रकल्पाचे काम डिसेंबर २०११ मध्ये थांबले ते ऑक्टोबर २०१९ पर्यंत. खालच्या अंगाला काय होईल याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, हा आंदोलकांचा मुख्य आक्षेप होता. तो अभ्यास आधी केला असता तर दोन-तीन वर्षे लागली असती. न केल्यामुळे आठ गेली. उशीर नियोजनाने होतो, हा समज ज्यांनी पसरवला त्यांनी कधी थांबलेल्या कामावरच्या व्याजाचा हिशेब केलेला नसावा.

तिसरा आक्षेप मात्र मला स्वतःला अडवतो. आराखडा केला आणि कोणी मानलाच नाही तर? मेकाँगवर नेमके हेच झाले. कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या मेकाँग नदी आयोगाने करून घेतलेल्या २०१० च्या अभ्यासाने मुख्य प्रवाहावरची धरणे दहा वर्षे पुढे ढकला, असे सांगितले. दोनच वर्षांनी लाओसने झायाबुरीचे काम औपचारिकपणे सुरू केले. २०१९ मध्ये ते १,२८५ मेगावॉटचे केंद्र पूर्णपणे चालू झाले. आयोगाला नकाराधिकार नव्हता. पण त्या गोष्टीत एक पात्र असे होते ज्याच्या एका शब्दावर काम थांबले असते: थायलंड. झायाबुरीची जवळजवळ सगळी वीज थायलंड घेतो. खरेदीचा करार झाला नसता तर बँकेने कर्ज दिले नसते आणि कर्जाशिवाय धरण उभे राहिले नसते.

हिमालयात थायलंडच्या जागी भारत आहे. नेपाळ-भूतानच्या विजेचा मुख्य गिऱ्हाईक आपण आहोत. जानेवारी २०२४ च्या करारात नेपाळकडून दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचे ठरले आहे. आणि हा गिऱ्हाईक अटी घालत नाही असेही नाही. ज्या प्रकल्पात चिनी भांडवल किंवा चिनी कंत्राटदार आहे त्याची वीज भारत घेत नाही. धोरण म्हणून ते योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. पण पैसा कोणाचा, हे विचारणारा खरेदीदार हे धरण कोणत्या नदीवर, वर कोणता हिमतलाव, खाली कोणाचे शेत, हेही विचारू शकतो. तीच अट स्वतःच्या सिक्कीम-अरुणाचलातल्या प्रकल्पांना आधी लावली, तर ती दादागिरी वाटणार नाही.

चीन या सभागृहात नाही, आणि त्यावरून काही जण म्हणतील की मग ही सगळी चर्चा अर्धीच. यारलुंग त्सांगपोच्या, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेच्या, वळणावर सुमारे ६०,००० मेगावॉटच्या प्रकल्पाचे काम त्यांनी जुलै २०२५ मध्ये सुरू केले आहे. उत्तर म्हणून याच नदीवर, खाली अरुणाचलात तिला सियांग म्हणतात तिथे, आपणही महाकाय धरण बांधावे, अशी मागणी होते. मला ती भीतीपोटी केलेली वाटते. भूकंपप्रवण पट्ट्यात एका भिंतीला दुसऱ्या भिंतीने उत्तर दिल्याने आसाम सुरक्षित होत नाही. खालच्या चार देशांनी आपली पाणीमोजणी एकमेकांना वर्षभर, तासातासाने खुली केली, तर निदान चीनकडे मागणी करताना आपण रिकाम्या हातांनी उभे राहणार नाही. आज आपलीच आकडेवारी आपण शेजाऱ्यापासून गुपितासारखी जपतो.

राहिला सूर्याचा मुद्दा: सौर वीज स्वस्त झाली, आता धरणे हवीतच कशाला? तिच्यामुळे धरणे कमी लागतील, हे खरे आहे, आणि माझा सगळा भर त्यावरच आहे. नेपाळच्या नद्यांना पावसाळ्यात पाणी मावत नाही आणि हिवाळ्यात वीज भारतातून आणावी लागते. मोसमी साठवणीचे मोठे केंद्र म्हणावे असे त्यांच्याकडे कुलेखानीच. पण हिवाळ्यातल्या दुपारी भारतातली सौर वीज नेपाळने घेतली, तर तेवढे पाणी बंधाऱ्यामागे थांबते आणि संध्याकाळी दिवेलागणीला उपयोगी पडते. हे करायला तारा लागतात, नवी दरी बुडवावी लागत नाही. १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या ग्रिडमधून बांगलादेशात पोचली. आकडा क्षुल्लक आहे, एखाद्या मध्यम शहरालाही पुरणार नाही. पण तीन देशांची खाती एका मीटरवर जुळली, हे पहिल्यांदा घडले. नेपाळची जलसंपत्ती म्हणून सांगितला जाणारा ८३,००० मेगावॉटचा आकडा १९६० च्या दशकातल्या एका प्रबंधातला आहे. त्यात प्रत्येक थेंब धरला आहे. तो गाठायचे ध्येय आपण सोडून देऊ या.

मित्रहो, या सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आमच्या कार्यकर्त्यांनी गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना खोऱ्याचा मोठा नकाशा लावला आहे. त्यावर झालेले, चालू असलेले आणि प्रस्तावित प्रकल्प लाल टिकल्यांनी दाखवले आहेत. काही दऱ्यांत टिकल्यांनी नदीच झाकली गेली आहे. नकाशाखालच्या टेबलावर हिरव्या टिकल्यांची डबी ठेवली आहे. जिथे नदी मोकळी राहावी असे आपल्याला वाटते तिथे एक टिकली लावावी आणि शेजारच्या वहीत कारण लिहावे, नेपाळीत, बंगालीत, झोंगखात, मराठीत, कोणत्याही भाषेत. परवा समारोपाच्या सत्रापूर्वी ती वही आम्ही अध्यक्षांच्या हाती देणार आहोत. चहा बाहेरच्या मांडवात तयार आहे. जाताना नकाशाजवळून जावे, ही विनंती.