फॅन डायरेक्ट करू नका

मे महिन्यात मांजरसुंब्याच्या नाहीतर धारूरच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. लग्नाला निघालेलं वऱ्हाड झाडाची सावली शोधत असतं आणि ड्रायव्हर सांगत असतो, ‘उन्हानं गरम झाली.’ ऊन उगाच बदनाम आहे. इंजिनातलं पाणी एरवीही नव्वद अंशांच्या आसपास फिरत असतं. त्याच्यापुढे आपले बेचाळीस अंश म्हणजे गारवाच!

गेवराईहून बीडकडे ऐंशीच्या वेगाने येताना रेडिएटरला वारा आपसूक मिळतो, फॅनवाचून फारसं अडत नाही. घाटात मालट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना मात्र वारा नाही आणि इंजिनावर ताण दुप्पट. तिथं फॅन फिरलाच पाहिजे.

नाही फिरला तर? गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची उष्णता थोडी आत ओढली जाईल. तापमानाचा काटा तरीही चढत असेल तर इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. आतल्या दाबामुळे शंभराच्या वर गेलेलं पाणीही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की ते वाफ होऊन तोंडावर येतं.

दोष शोधायचा तो गाडी थंड झाल्यावर, आणि सुरुवात कूलंटच्या पातळीपासून. पातळी खाली गेली की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो. त्याला पाणी लागतच नाही, तर तो फॅनला हुकूम कसा देणार? आपल्याकडे टंचाईच्या दिवसांत सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि सेन्सरवर बसतो; बादलीला बसतो तसाच.

पातळी ठीक असेल तर इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन सुरू होतो. झाला, तर मोटर शाबूत आहे, संशय सेन्सरवर. नाही झाला, तर फ्यूज पाहा, मग रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहायला एक पैसा लागत नाही. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. शेवटी मोटरला बॅटरीतून थेट करंट देऊन पाहावा. तरी ढिम्म, तर मोटर गेली.

घाई असली की मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, फॅन डायरेक्ट करून टाकू.’ म्हणजे किल्ली फिरवली की फॅन चालू, थंडीतल्या सकाळीसुद्धा. इंजिन वेळेवर तापत नाही, इंधन जास्त जळतं, मोटरचे ब्रश झिजतात. त्यात फ्यूज न लावता बारीक वायर जोडलेली असेल तर ती पेटू शकते. गावापर्यंत पोहोचण्यापुरतं ठीक. इलाज म्हणून साफ चूक. इंजिन जास्त तापून हेड गास्केट गेल्यावर जे बिल येतं, त्यापुढे रिले-सेन्सरचा खर्च किरकोळ आहे.

तेव्हा पुढच्या लग्नाला निघण्याआधी अंगणातच एसी लावा, बॉनेट उघडा आणि फॅन फिरतो का बघा. हात मात्र लांब ठेवा; काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरू लागतो.