आयत पुस्तकात आणि आयत गल्लीत

(मालाड पश्चिमेतील मालवणी येथे तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



इथल्या मुली मला एक प्रश्न नेहमी विचारतात. "आपा, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात. पाण्याची घाई, लोकलची घाई. यात रूहानी वगैरे काय शोधायचं? त्यासाठी डोंगरात जाऊन बसायला हवं." प्रश्न खरा आहे, म्हणून आज त्यावरच बोलते. आणि मराठीत बोलते, कारण हा विचार मराठीत करणारे मुसलमान काही आज जन्मले नाहीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला.

सुरुवात एका शब्दापासून करू. कुराणातल्या वाक्याला आपण आयत म्हणतो. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ आहे खूण, निशाणी. पाऊस, रात्र आणि दिवसाचं येणं-जाणं, माणसांच्या वेगवेगळ्या भाषा आणि रंग, या सगळ्यांनाही कुराण आयतच म्हणतं. म्हणजे वाचायचं पुस्तक एक नाही, दोन आहेत. पहिलं आपण गिलाफात गुंडाळून उंच ठेवतो. दुसरं गल्लीत उघडंच पडलेलं असतं.

आपली इबादतच बघा. फजर उजाडताना, मगरिब सूर्य मावळल्यावर. आज मोबाइल वेळ सांगतो, पण तो वेळ ठरवलेला आहे सूर्यानेच. रमजान चंद्रावर चालतो. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पन्नाशीच्या माणसाने मे महिन्याच्या उकाड्यातही रोजे धरलेले असतात, डिसेंबरच्या गारव्यातही. शरीराला सगळे ऋतू माहीत व्हावेत, अशीच ही रचना आहे असं मला वाटतं.

आता मढ-मार्वेकडच्या कोळी बांधवांकडे बघा. त्यांची नारळी पौर्णिमाही चंद्रावरच. पण हिंदू पंचांगात साधारण दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, म्हणून ती श्रावण सोडून जात नाही; समुद्राशी तिचं नातं टिकतं. चंद्र एकच, हिशेब दोन. एक हिशेब माणसाला सगळ्या ऋतूंतून फिरवतो, दुसरा एका ऋतूशी बांधून ठेवतो. दोन्हींत शहाणपण आहे. कुणाचा चंद्र खरा, यावर भांडणाऱ्याने चंद्र बघितलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पैगंबरसाहेब एका 'मुद' पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आहे. आजच्या मापात ते पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वजूत पाणी वाया घालवू नका, अशीही शिकवण सांगितली जाते. माझी अम्मी एका लोट्यात वजू उरकायची आणि उरलेलं पाणी तुळशीच्या डब्यात ओतायची. तिने हदीस वाचली नव्हती. जिन्यावरून हंडा चढवला होता. ज्याने पाणी वाहून आणलं आहे, त्याला पाण्याची किंमत प्रवचनातून शिकावी लागत नाही. म्हणून मी म्हणते, नळाच्या रांगेत उभी असलेली बाई रूहानियतपासून दूर नाही. तिथे ती आपला हंडा मागे घेऊन एखाद्या आजारी शेजारणीला पुढे जाऊ देते, तेव्हा ती इबादतच असते.

तिसरी आयत आपल्या खाडीत उभी आहे. तिवराचं झाड. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळं बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. भरतीचा जोर अडवतं, मासळीच्या पिल्लांना आसरा देतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कांदळवन नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. कायद्याच्या भाषेत तो हक्क, आपल्या भाषेत अमानत. आणि त्याच अमानतीवर डेब्रिजचे डंपर रिकामे होतात, आपल्या घरची प्लास्टिकची पिशवीही तिथेच पोचते. आयतीवर कचरा टाकून वर सवाबाची अपेक्षा कशी करणार?

आता जड गोष्ट बोलते. पावसाला आपण रहमत म्हणतो. बाल्कनीत चहा घेऊन तसं म्हणणं सोपं आहे. जुलै २०१९ मध्ये मालाड पूर्वेला पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात भिंत कोसळली आणि झोपेतली माणसं गेली. जून २०२१ मध्ये इथे मालवणीत घर कोसळलं. गेलेल्यांत बरीच लहान मुलं होती. त्या घरांना जाऊन आपण काय सांगणार? अल्लाहची मर्जी? मला ते उत्तर पुरत नाही. पाऊस अल्लाहचा, पण भिंत माणसाने बांधलेली असते, डोंगराचा उतार माणसाने कापलेला असतो, आणि स्वस्त घर नसल्यामुळे गरीब माणूस त्या भिंतीखाली राहतो. आपल्या हिशेबातल्या चुका अल्लाहच्या खात्यात लिहिणं ही श्रद्धा नव्हे.

निसर्गात देव बघायचा असेल, तर सूर्यास्ताचा फोटो काढून भागत नाही. खूण वाचली की काम अंगावर येतं. रस्त्यावरचा काटा बाजूला करणं हा ईमानचाच भाग आहे, हे आपण लहानपणी शिकलो. आजचा काटा म्हणजे तुंबलेला नाला, झुकलेली भिंत, लोंबणारी वायर.

तेव्हा मे महिना संपायच्या आत एवढं करा. चार-चार जणांनी आपली गल्ली फिरा, बरोबर दुसऱ्या धर्माचा निदान एक शेजारी घ्या. पाऊस आला की कुठल्या घरातली माणसं रात्री जागी राहतात, ते विचारा. भिंतीचे, नाल्याचे फोटो काढा, वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

त्या अर्जालाही मी इबादत म्हणते.