घरचं कामही मागणीपत्रात लिहूया

(कट्टा, ता. मालवण येथे काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी नावं लिहून घेताना मी एका बाईंना विचारलं, काम काय करता? त्या म्हणाल्या, "माझा काम खंयचा? घराकच असतंय. काजी फोडूक जातंय, तेवढाच." पहाटे उठून भाकऱ्या, पाणी, गुरं आटपायची, दिवसभर काजू फोडायचे, टरफलाच्या तेलाने बोटांची सालं जायची, आणि तरी म्हणायचं की काम नाही! कामगार म्हणजे पुरुष, आणि युनियन त्याची, हे लहानपणापासून आपल्या मनावर बिंबवलेलं आहे.

युनियन हा शब्द इथे कुणाला नवा नाही. कितीतरी घरांतले वडील, सासरे मुंबईच्या गिरण्यांत होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मनीऑर्डरी थांबल्या, अनेक चाकरमानी गावी परतले. तेव्हा चूल कुणी पेटती ठेवली? शेती करणाऱ्या, दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बायकांनी. त्या मजुरीचा हिशोब संपाच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

गिरणगावातही हेच होतं. एकट्या राहणाऱ्या कामगारांना खानावळवाल्या बायका महिन्याच्या उधारीवर जेवू घालत. 1973-74 साली 42 दिवसांचा संप झाला. कामगारांचे पगार बंद, म्हणून या बायकांचे पैसेही बंद. पण जेवणाचं ताट बंद झालं नाही. वाणसामानाचं कर्ज त्यांच्या डोक्यावर चढलं. संप त्यांच्याही जिवावर चालला होता, पण त्या कुठल्याच युनियनच्या सभासद नव्हत्या. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांना हे दिसलं. त्यांनी या बायकांना एकत्र केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या बायका स्वतःच्या सहीने कर्ज घेऊ लागल्या.

दूर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत मेक्सिकन वंशाची कुटुंबंच्या कुटुंबं राबत. 1965 साली तिथे फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला आणि मेक्सिकन मजूरही त्यात उतरले. त्यांच्या संघटनेच्या संस्थापकांत सीझर चावेझ यांच्याबरोबर डोलोरेस ह्युएर्टा ही बाई होती. अकरा मुलांची ही आई मळेवाल्यांशी वाटाघाटींना बसली. गिऱ्हाइकांनी द्राक्षं घेऊ नयेत म्हणून देशभर मोहीम झाली, आणि 1970 साली मळेवाल्यांना करार करावे लागले. शेतावर सगळं कुटुंब राबत होतं, म्हणून लढ्यातही सगळं कुटुंब उतरलं.

आता माझी एक चूक सांगते. पहिली बैठक मी संध्याकाळी सात वाजता ठेवली होती. पुरुष आले, बाई एकही नाही. मी मनात म्हटलं, बायकांना जाणीवच नाही. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मला सात वाजता चुलीवर काय असतं हे सुचलं नाही! आज दुपारी बैठक ठेवली, तर ही पडवी भरली आहे.

म्हणून मागणीपत्र लिहिताना मजुरीबरोबर हेही लिहू: वजन आपल्यासमोर व्हावं आणि त्याची चिठ्ठी मिळावी. हातमोजे कारखान्याने द्यावेत. लहान मुलांसाठी पाळणाघर हवं. बाळंतपणानंतर काम परत मिळावं. उक्त्या कामालाही किमान दर ठरवता येतो, हे 1948 च्या किमान वेतन कायद्यात होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. तेव्हा आपण भीक मागत नाही.

"बोललो तर उद्यापासून येऊ नको म्हणतील," ही भीती खरी आहे. ती नाही असं मी म्हणणार नाही. नोकरी माझी जाणार नाही, तुमची जाईल. एकटीने बोललात तर नक्कीच जाईल. म्हणून एकीचं नाव पुढे करायचं नाही, सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर घ्यायच्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा द्यावा.

आणि नावापुढे 'काम' असा रकाना आहे. तिथे 'घरीच' असं लिहू नका. 'काजू कामगार' असं लिहा. मघाशी ज्या बाईंना विचारलं, त्यांच्यापासूनच सुरुवात करू.