आजींशी एकांतात बोला

शेजारच्या आजी हल्ली कट्ट्यावर येत नाहीत. फोन केला तर मुलगाच उचलतो. भेटल्या, तरी उत्तर देण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहतात. पेन्शनचं पासबुक, एटीएम कार्ड, सगळं त्याच्याकडे. अंगावर वळ नसले तरी हा छळच. घरच्यांसमोर जाब विचारू नका. तुम्ही निघून गेल्यावर आजींनाच सोसावं लागतं. त्यांना एकटं गाठून बोला. ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाइन आहे १४५६७. मारहाण होत असेल तर थेट ११२. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्रानं दिलेलं घर, अट मोडल्यास परत मिळू शकतं. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या.