हुकूम कोणाचा, जाब कोणाला?



धरमपेठेतल्या या व्यासपीठावर कामगार चळवळीतल्या माणसाने लष्करावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर फार झाले. संपाच्या दिवसांत लाठी घेऊन समोर उभ्या असलेल्या शिपायाला आमची पोरे शिव्या देऊ लागत, तेव्हा आम्ही त्यांना सांगत असू, "बाबांनो, याला इथे कोणी उभे केले ते पाहा. जाब त्याला विचारा." लष्करी अधिकाऱ्यांवर टीका होते तेव्हाही आमचे म्हणणे हेच आहे.

जनरल अरुणकुमार वैद्य यांचेच उदाहरण घ्या. जन्म अलिबागचा, १९२६ सालचा. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत त्यांना महावीरचक्र मिळाले. १९८४ च्या जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात सैन्य पाठविले गेले, तेव्हा ते लष्करप्रमुख होते. त्या कारवाईत अकाल तख्ताची नासधूस झाली, भाविकही मेले. शीख बांधवांच्या मनाला झालेली जखम खरी होती. तिला कोणी कमी लेखू नये. परंतु सैन्य पाठविण्याचा निर्णय दिल्लीच्या सरकारचा होता. वैद्य १९८६ च्या जानेवारीत निवृत्त होऊन पुण्यास राहावयास आले. त्याच वर्षी १० ऑगस्टला भर रस्त्यात, मोटारीत, पत्नीच्या देखत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. टीका वेगळी आणि खून वेगळा, हे आम्ही जाणतो. परंतु निर्णयाचा सारा दोष वर्दीवर टाकण्याची सवय किती भयंकर टोकाला जाऊ शकते, ते यावरून दिसते.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. मालकाने अन्याय केला तर कामगार युनियन काढतो, पत्रक काढतो, सभा घेतो. सैनिकाला यांतले काही नाही. घटनेच्या ३३ व्या कलमाने त्याचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. १९५० च्या लष्करी कायद्याखाली त्याला परवानगीवाचून युनियनचे सभासद होता येत नाही, वर्तमानपत्रांकडे जाता येत नाही. कायदेशीर हुकूम मोडला तर लष्करी न्यायालय आहेच. ज्याचे तोंड आपणच कायद्याने बांधले, त्याला चौकात उभा करून उत्तर मागणे ही मर्दुमकी नव्हे.

मग लष्कराला काही विचारूच नये काय? तसे मुळीच नाही. १९१९ साली जालियनवाला बागेत डायरने जे केले, ते कोणत्याही कर्तव्यात बसत नव्हते. १९३० साली पेशावरला चंद्रसिंग गढवालींनी निःशस्त्र लोकांवर गोळी चालविण्यास नकार दिला आणि त्याबद्दल जन्मठेप पत्करली. देशाने त्यांना डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. आपला आजचा कायदाही सांगतो, की जमाव पांगविण्यासाठी दंडाधिकाऱ्याने सैन्य बोलाविले तर अधिकाऱ्याने आलेच पाहिजे. मात्र बळ कमीत कमी वापरले पाहिजे.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. सैन्य का बोलाविले, हे मंत्र्याला विचारा. बळ किती वापरले, हे अधिकाऱ्याला विचारा; तेही चौकशीत, पुरावा मांडून. पहिला प्रश्न विचारण्यास धैर्य लागते, कारण मंत्र्याच्या हाती सत्ता असते. म्हणूनच लोक तो सोडतात आणि मुक्या माणसावर तोंडसुख घेतात.

मत मागावयास उमेदवार आपल्या दारी येतील, तेव्हा तो पहिला प्रश्न विसरू नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.