पोट पडल्यानंतरचे सहा आठवडे

गर्भ राहिल्याचे नक्की झाल्यावरही शंभरांतले दहा ते पंधरा गर्भ दिवस भरण्याआधीच पडतात. त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत पडतात आणि या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बाईने पपई खाल्ली, अमावास्येला ओढा ओलांडला, कुणाची नजर लागली, ही कारणे जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत आजही सांगितली जातात. त्यांतले एकही खरे नाही. मात्र तासन्‌तास उभे राहून किंवा वाकून करायचे काम, डोक्यावरचे जड ओझे, रात्रपाळी यांनी धोका काही प्रमाणात वाढतो. बाई किती वजन उचलणार आणि किती तास राबणार हे ठरवतो तो कामावर ठेवणारा. दोष मात्र तिच्या पदरात पडतो.

पोट पडल्यावर रक्तस्राव आठवडा-दोन आठवडे चालू शकतो. गर्भाचा अंश आत राहिला तर औषधाने किंवा पिशवी साफ करून तो काढावा लागतो. ताप, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणे, तासाभरात पॅड भिजावे इतका रक्तस्राव, चक्कर यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. 108 ची रुग्णवाहिका मोफत येते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारावे; ते घ्यायचे असल्यास 72 तासांच्या आत घेतलेले बरे. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर पोट पडले तर छातीत दूधही येते. बाळ नाही आणि दूध आले आहे, हे दुःख घरातल्या बाकीच्यांना दिसतही नाही. बाळंतिणीला सव्वा महिना जपणारी घरे पोट पडलेल्या बाईला आठवड्यात चुलीपुढे आणि पंधरा दिवसांत रानात उभी करतात. झोप उडाली, जेवण जाईना, सारखे रडू येत असेल तर आशाताईंशी बोलावे किंवा टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते. नवऱ्याचेही मूल गेलेले असते. त्यालाही कुणी विचारायला हवे.

पोट पडल्यानंतरच्या विश्रांतीचा हक्क कायद्यात आहे आणि त्याची मुळे मुंबई इलाख्यातली आहेत. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. 1928 च्या जुलैत मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशाच विधेयकाला पाठिंबा देताना मुद्दा मांडला की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाबरोबर सरकारनेही उचलावा. 1929 मध्ये मुंबईचा कायदा झाला. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातासाठी सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि त्या सहा आठवड्यांत बाईला जाणूनबुजून कामावर ठेवण्यास मालकाला मनाई केली. गर्भपातातून आजारपण आले तर आणखी एक महिना मिळतो. या रजेवर असताना तिला काढून टाकणे बेकायदा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही रजा कायम आहे. फारसे ठाऊक नसलेले एक कलम येथे सांगितलेच पाहिजे: सव्विसावा आठवडा उलटल्यावर मूल मृत जन्मले तर कायद्याच्या लेखी ती प्रसूतीच असते, त्यामुळे सहा आठवड्यांची नव्हे, बाळंतपणाची पूर्ण रजा लागू होते.

मंचर-नारायणगावकडून कंपनीच्या बसने चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुली बहुधा ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आधीच्या दोन अंशदान कालावधींत 70 दिवस भरल्यावर गर्भपातासाठी 42 दिवसांचा पूर्ण सरासरी पगार ईएसआय महामंडळ देते. ठेकेदाराने हात वर केले तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. सुपरवायझर फोनवर काय म्हणाला त्याला किंमत नाही; अर्ज लेखी द्यावा, डॉक्टरांचा दाखला आणि डिस्चार्ज कार्ड जोडावे, पोच घ्यावी. नकार आला तर पुण्याच्या कामगार आयुक्तालयात तक्रार करावी. वकिलाचा खर्च हीही अडचण नाही: 1987 च्या कायद्याने प्रत्येक बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे.

खरी अडचण उसाच्या फडात आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जळगावकडच्या टोळ्या विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात, कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून तोड, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. उचल आधीच घेतलेली असते, म्हणून राज्यभर चालणाऱ्या रिवाजानुसार एक दिवस काम चुकले की मुकादम मजुरी तर देत नाहीच, वर खाडा कापतो. पोट पडलेल्या बाईलाही तो चुकत नाही; आणि ती पडून राहिली की कोयता मोडतो, नवऱ्याचाही दिवस जातो. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या, अंगावरून जाण्याच्या त्रासाने कामाचा दिवस बुडू नये, ही धास्ती त्यामागच्या कारणांत होती. जेथे चार दिवसांच्या पाळीची सवड नाही तेथे गर्भपाताच्या सहा आठवड्यांचे नाव कोण घेणार?

कायद्याला मालक लागतो. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या वहीकडे. रजेचा पगार मागायचा कुणाकडे, याचे उत्तर त्या बाईला मिळत नाही. तिने तोडलेला ऊस मात्र कारखान्याच्याच काट्यावर चढतो, म्हणून जबाबदारीही तेथेच ठरली पाहिजे. त्यासाठी नवा निधीही उभारावा लागणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे 10 रुपये घेण्याची तरतूद आहे. सरकारी रुग्णालयाचा गर्भपाताचा दाखला असलेल्या बाईला त्यातून सहा आठवड्यांची मजुरी द्यावी आणि त्या दिवसांचा खाडा तिच्याही नावावर धरू नये, नवऱ्याच्याही. पुढच्या गाळपाचे मुकादमांशी करार पावसाळ्यातच होतात. जुन्नर-आंबेगावच्या सभासद शेतकऱ्यांनी आपापल्या कारखान्याच्या वार्षिक सभेत ही अट मांडावी आणि ती करारात लिहून घ्यावी.