न झालेल्या घराची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सभासदांच्या मनोगताच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘माझं घर’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. सगळेजण आपापल्या घराबद्दल छान बोलले. मी मात्र आज आमच्या न झालेल्या घराबद्दल बोलणार आहे. त्याला कारण घडलं. मागच्या महिन्यात आपल्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणारी एक मुलगी जिन्यात रडताना दिसली. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा फ्लॅटचा व्यवहार ऐनवेळी फिसकटला होता. मी तिला घरात बोलावलं, चहा केला आणि आमची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “काकू, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं कोणाला?” खरं सांगायचं तर लाज वाटत होती म्हणून नाही सांगितलं. आज सांगते.

गोष्ट २००४ सालची. आम्ही इथेच डोंबिवली पूर्वेला एका चाळीत भाड्याने राहायचो. दीड खोली, १,८०० रुपये भाडं. आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. हे एमआयडीसीत कामाला, मी फोर्टला एका ऑफिसात क्लार्क. माझा पगार तेव्हा ६,००० रुपये. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि दर वेळी पोटात गोळा यायचा.

एका एजंटने वन रूम किचन दाखवलं. रिसेलचं, पहिला मजला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, आणि गॅलरी! सासूबाईंना तुळशीसाठी गॅलरी हवी होती. किंमत ६ लाख ४० हजार. आम्ही रात्री वहीत हिशोब मांडला. बँकेचं कर्ज ४ लाख ६० हजार, ह्यांच्या पीएफमधून ८० हजार, मोडलेली एफडी ५१ हजार, पतपेढीचं कर्ज ५० हजार. तरीही स्टॅम्प ड्युटी धरून पंचवीसेक हजार कमी पडत होते. सासूबाई काही न बोलता आत गेल्या आणि डब्यातून पाटल्या घेऊन आल्या. चार तोळे. तेव्हा सोनं तोळ्याला सहा हजारांच्या आसपास होतं. पाटल्या मोडल्या आणि हिशोब जुळला.

फ्लॅटचे मालक म्हणाले, “बयाणा द्या म्हणजे मी दुसऱ्या कोणाला दाखवत नाही.” आम्ही ५१ हजारांचा चेक दिला. वर ते म्हणाले, “पंचवीस रोख द्या, मला अडचण आहे.” एजंट म्हणाला, “वहिनी, घरचा माणूस आहे, काळजी करू नका.” चेकची पावती घेतली. रोख रकमेची मागितलीच नाही. मागायला संकोच वाटला. ती रोख रक्कम म्हणजे सासूबाईंच्या पाटल्या होत्या, हे लक्षात ठेवा.

मग आम्ही पेढे वाटले. चाळीत, माझ्या ऑफिसात, ह्यांच्या खात्यात. घरमालकांना सांगून टाकलं की मे महिन्यात खोली सोडतो. मुलांनी गॅलरीत कोण कुठे बसणार यावरून भांडणंही करून घेतली.

बँकेच्या वकिलांनी कागद पाहिले, दुय्यम निबंधकांकडे जाऊन तीस वर्षांचा सर्च घेतला आणि आठवड्याने आम्हाला बोलावलं. फ्लॅट मूळचा मालकांच्या वडिलांच्या नावावर. वडील वारलेले. मुलगा नॉमिनी. “नॉमिनी मीच आहे, म्हणजे फ्लॅट माझाच,” असं तो आम्हाला सांगत होता, आणि आम्हालाही तेच खरं वाटत होतं. वकील म्हणाले, “नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, त्याचं ते नाव. मालकी वारसांची. यांना एक बहीण आहे. तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणा, नाहीतर कर्ज मिळणार नाही.”

एजंट म्हणाला, एका सहीचं तर काम आहे. महिना गेला. सही काही येईना. शेवटी मी आणि हे कल्याणहून गाडी पकडून नाशिकला त्या ताईंकडे गेलो. मी वाटेत मनात भांडणाची तयारी करत होते. त्यांनी पोहे केले, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुमची अडचण मला कळते. पण दादा माझा वाटा देणार की नाही ते सांगत नाही. मी आज सही केली तर माझं बोलणंच संपलं.”

मी काय बोलणार? मी स्वतः माहेरच्या घराच्या कागदावर न वाचता सही करून आले होते. भावाने सांगितलं आणि मी केली. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. व्यवहार संपला हे दोघांनाही कळलं होतं.

पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले. हे म्हणायचे, गॅलरी बघून तूच भुललीस. मी म्हणायचे, रोख रक्कम तुम्ही दिलीत. ऑफिसात कोणी “वास्तुशांत कधी?” विचारलं की मी फाइल उचलून दुसऱ्या टेबलाकडे जायची. मुलं काही विचारत नव्हती, ते जास्त लागायचं. एका रात्री सासूबाई म्हणाल्या, “पाटल्या माझ्या होत्या. मी रडत नाही, तर तुम्ही कशाला भांडता? वही काढा.”

वही काढली. एका बाजूला लिहिलं, काय गेलं. दुसऱ्या बाजूला, काय परत येऊ शकतं. तिसऱ्या बाजूला, काय अजून आपल्याकडेच आहे. या तिसऱ्या रकान्याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. पीएफचा अर्ज अजून गेलाच नव्हता. घरासाठी काढलेला पीएफ घर झालं नाही तर परत भरावा लागतो, तो व्याप वाचला. पतपेढीचं कर्ज उचललं नव्हतं. बँकेत चौकशी केली, तर ते म्हणाले की तुमची पत मंजूर आहे, मुदतीत दुसरा फ्लॅट आणा, नुसते त्याचे कागद तपासू. म्हणजे घर गेलं होतं, घर घेण्याची ऐपत गेली नव्हती. हे कागदावर दिसेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घरमालकांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, “राहा अजून वर्षभर, दोनशे वाढवा.” ऑफिसातही सांगून टाकलं. एका बाईंनी लगेच त्यांच्या दिरांची अशीच हकीकत सांगितली. पेढे कोणी परत मागितले नाहीत!

पैसे परत मिळवायला मात्र सात महिने लागले. हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मालकांकडे जायचे. आवाज चढवायचा नाही, हात हलवत परतायचं नाही, असं ठरवलं होतं. त्यांनी ५१ हजारांचे पुढच्या तारखांचे तीन चेक दिले. दुसरा चेक बाउन्स झाला. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस गेली, आणि पंधरा दिवसांच्या आत पैसे आले. चेकची रक्कम पूर्ण मिळाली. रोख पंचवीस हजारांपैकी मिळाले दहा. बाकीच्यांबद्दल ते सरळ म्हणाले, “कसले पंधरा? कागद दाखवा.” कागद नव्हता.

एकूण हिशोब सांगते. रोख गेले १५,०००, एजंटने आगाऊ घेतलेले ५,०००, बँकेची प्रोसेसिंग फी २,३००, सर्चचे आणि वकिलांचे १,५००. एकूण २३,८००. म्हणजे माझा चार महिन्यांचा पगार.

त्या काळात एक मोह मात्र झाला. दुसऱ्या एका एजंटने गावाच्या हद्दीतल्या एका बिल्डिंगमध्ये फ्लॅट दाखवला. मोठा हॉल, गॅलरी, आणि किंमत निम्मी. फक्त बिल्डिंगला परवानगी नव्हती. “इकडे सगळ्या अशाच आहेत,” तो म्हणाला. आम्ही इतके थकलो होतो की हो म्हणायच्या बेतात होतो. बँकेत विचारलं. त्यावर कर्ज मिळणार नाही म्हणाले. तिथेच थांबलो. पहिलं घर गेलं त्यात आमचं चोवीस हजारांचं नुकसान झालं. घाईने हे दुसरं घेतलं असतं तर सगळीच पुंजी गेली असती.

मग २००५ मध्ये आपल्या या सोसायटीतला फ्लॅट दिसला. दुसरा मजला, गॅलरी नाही, स्वयंपाकघराची खिडकी पाण्याच्या टाकीकडे. मला काही तो आवडला नव्हता, खोटं कशाला बोलू! पण तेव्हाच्या आपल्या सचिवांनी आम्हाला ऑफिसात बसवलं आणि त्या सभासदाची फाइल पुढे ठेवली. शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा, मेंटेनन्सची बाकी, सगळं. म्हणाले, “वहिनी, सावकाश वाचा. चहा नंतर.” आम्ही एक पैसाही दिला नव्हता तोपर्यंत. पूर्वीचे मालकही सज्जन होते. प्रत्येक रकमेची पावती त्यांनी न मागता दिली. अक्षय्य तृतीयेला आम्ही इथे राहायला आलो. तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली.

आणि अडीच महिन्यांनी आली २६ जुलै. मी फोर्टला अडकलेली, गाड्या बंद, हे एमआयडीसीतून पाण्यातून चालत येत होते. इथे पार्किंगमध्ये पाणी चढलं. तळमजल्यावरची मंडळी वर आली. सासूबाईंनी कोणाची नीट ओळख नसताना दार उघडलं आणि अकरा माणसांची खिचडी टाकली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्यातले पाच-सहा जण आज इथे समोर बसले आहेत. त्या रात्रीनंतर मी गॅलरीचं नाव काढलं नाही.

आता जी तरुण मुलं आज घर शोधत आहेत, त्यांच्यासाठी थोडंसं. किमती बदलल्या, कायदेही सुधारले. नवीन प्रकल्पात बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावरची आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला मनाई आहे. पण रिसेलमध्ये “घरचा माणूस” म्हणणारे अजून तसेच आहेत. म्हणून बयाणा देण्याआधी कागद वकिलांना दाखवा. बयाण्याच्या कागदावर एक वाक्य नक्की लिहून घ्या : कागदपत्रांच्या दोषामुळे कर्ज नामंजूर झालं तर बयाणा अमुक दिवसांत परत. लिहून द्यायला समोरचा नाही म्हणाला, तर तिथेच उठा. सगळी शिल्लक एका व्यवहारात टाकू नका, आणि राहती जागा सोडायची नोटीस नोंदणी होईपर्यंत देऊ नका. पेढे तर त्यानंतरच!

आणि तरीही फिसकटलं, तर आठ दिवस नवीन घर बघायचं नाही. आधी वहीत तीन रकाने आखायचे.

शेवटचं आपल्या सभासदांसाठी. आमचं घर मोडलं ते त्या नाशिकच्या ताईंमुळे नाही. ते मोडलं, कारण त्यांच्या वडिलांनी नॉमिनेशन केलं पण मृत्युपत्र केलं नाही, आणि भावा-बहिणीने नंतर बसून काही ठरवलं नाही. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्याप्रमाणे तर वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. म्हणून नॉमिनेशनही करा आणि मृत्युपत्रही करा. तुमच्या मुलांसाठी करा, आणि तुमचा फ्लॅट उद्या जो कोणी पोटाला चिमटा काढून घ्यायला येईल, त्याच्यासाठीही करा.

हे मी मोठ्या तोंडाने सांगते आहे खरी, पण आमच्याच फ्लॅटचा नॉमिनेशनचा फॉर्म चौदा वर्षं कोरा होता. सचिवांनी वार्षिक सभेत नाव वाचून दाखवलं तेव्हा भरला. मृत्युपत्र मागच्या वर्षी केलं. मुलगा आणि मुलगी, दोघांना समोर बसवून, दोघांच्या नावाने.

सासूबाई आता नाहीत. त्यांच्या पाटल्या मी पुन्हा करणार होते, पण सोन्याचा भाव पुढे पळत राहिला आणि मी मागे राहिले. ती वही मात्र आहे. जिन्यातल्या त्या मुलीला मी तीच दाखवली. परवा ती सांगत आली की तिनेही वही केली आहे आणि बयाण्यातली निम्मी रक्कम परत आली आहे. उरलेल्या रकमेसाठी तिचा नवरा दर रविवारी जातो.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. फाइल आधी, चहा नंतर, ही आपल्या ऑफिसची रीत पुढची पंचवीस वर्षंही अशीच चालू राहो, एवढंच मागते आणि थांबते.